खाऱ्या पाण्याचं विरजण

माझा पहिला खाऱ्या पाण्याचा टँक नऊ दिवस टिकला. शनिवारी पाणी भरलं, मंगळवारी तीन मासे आणले आणि पुढच्या रविवारी रात्री त्यातला शेवटचा उलटा तरंगला. टँक किती दिवसांचा आहे हे दुकानदाराने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पाणी तर इतकं नितळ होतं की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यावं. त्या नितळ पाण्यात अमोनिया होता, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

दुसऱ्यांदा टँक लावला तेव्हा खिशात पैसे कमी होते. म्हणून वस्तू कमी घेतल्या आणि दिवस जास्त दिले. तो टँक आजही आमच्या ठाण्याच्या घरात हॉलमध्ये चालू आहे. खाली दिलेली कृती त्याच टँकची. तिची सगळी भिस्त घरोघरी ठाऊक असलेल्या एका गोष्टीवर आहे: विरजण लावलं की दही लागेपर्यंत भांडं हलवायचं नाही.

आधी एक मर्यादा ठरवा

हा टँक फक्त माशांचा. प्रवाळ, म्हणजे कोरल, त्यात नाही. पहिलं कारण खर्चाचं: प्रवाळांना तीव्र प्रकाश आणि सतत मोजून राखलेलं कॅल्शियम लागतं. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ आहेत, समुद्रघोडेही आहेत. ‘समुद्रातून आणलेला खडक’ म्हणून विकला जाणारा पांढरा, छिद्राछिद्रांचा दगड बहुतेक वेळा मेलेलं प्रवाळच असतं. कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

साहित्य

१. काचेचा टँक, ३० × १५ × १५ इंच, ८ मिमी काच. स्थानिक कारागिराकडून बनवून घ्या. वर दोन इंच जागा सोडून आणि खडक-वाळूचा हिशेब धरून यात साधारण ९० लिटर पाणी राहतं. याहून लहान टँक स्वस्त पडतो, पण पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं.

२. स्टँड. काच, पाणी, खडक मिळून वजन १३० किलोच्या घरात जातं. लोखंडी स्टँड असेल तर पावडर कोटिंग करून घ्या. मिठाचे शिंतोडे साध्या रंगाला वर्षभरात खातात. टँकखाली थर्माकोलची शीट हवीच.

३. समुद्री मीठ, म्हणजे मत्स्यालयासाठी तयार केलेलं मिश्रण, वीस-बावीस किलोची बादली.

४. कृत्रिम सिरॅमिक खडक ८ किलो, आणि ॲरागोनाइट वाळू ८ किलो (दोन सेंटिमीटरचा थर).

५. काठावर टांगायचा फिल्टर, आत स्पंजचे दोन तुकडे आणि सिरॅमिक रिंग.

६. ताशी दीड ते दोन हजार लिटरचा एक वेव्हमेकर, म्हणजे टँकमधलं पाणी फिरतं ठेवणारा पंप.

७. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायला), टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला), थर्मामीटर. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजण्याचे किट.

८. १०० वॅटचा हीटर (पुणे-नाशिककडे तर नक्कीच), क्लिपचा छोटा पंखा, बॅटरीवर चालणारा एअर पंप.

९. वीस लिटरचे कॅन, फक्त टँकसाठी ठेवलेली एक बादली, हवेची बारीक नळी.

माझ्या वहीत या सगळ्याची बेरीज, माशांसकट, पंचवीस हजारांच्या आसपास आहे. शहर, दुकान आणि हंगाम यांनुसार ती थोडी इकडेतिकडे होईल.

काटकसर कुठे करायची तेही सांगतो. टँक, स्टँड आणि दिवे यांत करा. माशांना उजेड लागतो तो आपल्याला ते दिसावेत म्हणून, त्यामुळे साधी एलईडी पट्टी चालते. वाळूही पूर्ण गाळता येते. उघड्या तळाचा टँक साफ करायला सोपा असतो, फक्त वाळूत बिळं करणारे मासे मग ठेवता येत नाहीत. प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, एवढ्या टँकला दर आठवड्याला पाणी बदललं तर लागत नाही. मात्र मीठ, रिफ्रॅक्टोमीटर आणि टेस्ट किट यांत हात आखडू नका. पहिल्या वेळी मी नेमकं तेच केलं होतं.

कृती

१. जागा. भिंतीला लागून, दुपारचं ऊन येणार नाही अशी जागा निवडा. प्लगचा बोर्ड टँकच्या पातळीपेक्षा वर किंवा बाजूला असू द्या. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळावरून खाली ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. घरात ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारं उपकरण, नसेल तर आधी ते बसवा, मग टँक. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा वीज कितीतरी सहज वाहून नेतं.

२. गळती तपासणं. टँक नळाच्या पाण्याने भरून दोन दिवस ठेवा. खाली वर्तमानपत्र पसरा. कागद कोरडा राहिला तर पुढे चला.

३. गोडं पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि क्षारही. घरचा आरओ चालतो, पण बहुतेक यंत्रांत चवीसाठी खनिजं परत मिसळणारी कांडी असते, म्हणून पाणी तिच्या अलीकडून घ्या. टीडीएस मीटरवर आकडा १० च्या आत आला तर उत्तम. तीस-चाळीस येत असेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्याला डीआय रेझिनची छोटी कांडी जोडा. पाण्याचा जार विकत आणणार असाल तर दुकानातच मीटर बुडवून बघा. ‘आरओ’ लिहिलेल्या जारमध्येही आकडा दीडशे निघालेला मी पाहिला आहे.

‘समुद्र एवढा जवळ आहे, दोन कॅन भरून आणले तर?’ हा प्रश्न मुंबईत हमखास येतो. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी असतं, बोटींचं तेल असतं, आणि पावसाळ्यात नद्या-नाले मिळाल्याने खारटपणाही उतरतो. वाचणाऱ्या पैशांच्या मानाने जोखीम फार मोठी आहे.

४. मीठ कालवणं. लिटरला ३६ ग्रॅम, म्हणजे ९० लिटरला साधारण सव्वातीन किलो. आधी पाणी, मग मीठ, हा क्रम पाळा. मिठावर थोडं थोडं पाणी ओतलं तर त्या दाट द्रावणात कॅल्शियम खाली बसतं आणि पाणी ढगाळ होतं. पहिल्या वेळी हे टँकमध्येच करा, कारण आत अजून जीव नाहीत. वेव्हमेकर सुरू ठेवा आणि चोवीस तास ढवळू द्या.

घरातलं मीठ का नाही? ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या पाण्यात त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि बायकार्बोनेटही असतात. मासे त्यांच्याच भरवशावर जगतात, आणि पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ मध्ये टिकतो तोही बायकार्बोनेटमुळे.

घरातलं मीठ एका ठिकाणी मात्र उपयोगी पडतं. रिफ्रॅक्टोमीटर तपासायला ३६.५ ग्रॅम साधं मीठ ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवा. या द्रावणाचा थेंब टाकल्यावर आकडा ३५ यायला हवा. नसेल तर स्क्रू फिरवून तिथे आणा. विकतच्या बाटलीचे पैसे वाचले. टँकमधल्या पाण्याचा आकडाही ३५ च्या आसपासच हवा, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६.

५. वाळू आणि खडक. वाळू बादलीत धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. सात-आठ वेळा तरी धुवावी लागते. मोठे खडक थेट काचेवर टेकवा आणि वाळू त्यांच्याभोवती पसरा. खडक वाळूवर ठेवले तर मासा खाली उकरतो आणि डोलारा कोसळतो. मागच्या काचेपासून चार बोटं जागा सोडा, पाणी खडकांमागूनही फिरलं पाहिजे. खडकांची सलग भिंत बांधू नका. कपारी आणि बोगदे ठेवा, कारण आपली कपार असलेला मासा निवांत राहतो.

६. विरजण. आता खरी पायरी.

मासा श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच चढा असल्याने त्या अमोनियाचा विषारी रूपातला वाटा गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त असतो. म्हणून गोड्या पाण्यात खपून जाणारी चूक इथे खपत नाही. काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जीवाणू खडकाच्या, वाळूच्या आणि स्पंजच्या पृष्ठभागावर वस्ती करतात. ते वाढतात फार सावकाश, आणि त्यांना खाऊ लागतो.

खाऊ म्हणून मासे वापरू नका. कल्हईवाला भांड्यावर टाकतो तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. बाजारातला अशुद्ध असतो, म्हणून रसायनांच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या दर्जाचा आणा. १० ग्रॅम नवसागर एक लिटर आरओ पाण्यात विरघळवून बाटलीवर ठळक लेबल लावा आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. या द्रावणाचे ५५ मिली ९० लिटरमध्ये घातले की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. नवसागर मिळाला नाही तर कोकणी उपाय आहे: एक सोललेली कोलंबी जुन्या मोज्यात बांधून पाण्यात सोडा. काम होतं, पण चौथ्या दिवशी घरचे वासाबद्दल विचारतात.

बाटलीतले जीवाणू विकत मिळतात, त्यांनी काही दिवस वाचतात. त्याहून चांगलं म्हणजे ज्याचा टँक वर्षभर निरोगी आहे अशा ओळखीच्या माणसाकडून फिल्टरच्या स्पंजचा तुकडा आणणं. तो ओलाच आणा आणि तासाभरात फिल्टरमध्ये बसवा.

मग दर दोन दिवसांनी टेस्ट करून वहीत लिहा. माझ्या वहीत पहिले नऊ दिवस अमोनियाची नळी हिरवीगार आहे, काही म्हणजे काही हलत नव्हतं. दहाव्या दिवशी हिरव्यात पिवळा शिरला. त्याच दिवशी नायट्राइटची नळी, जी आतापर्यंत आकाशी होती, थेट जांभळी झाली. सतराव्या दिवशी वाळूवर तपकिरी भुकटी पसरली. ते डायटम, नव्या टँकवर येणारं सूक्ष्म शेवाळ. घाबरून टँक रिकामा करू नका, ते आपणहून ओसरतं. चौतिसाव्या दिवशी दोन्ही नळ्या आपापल्या मूळ रंगावर आल्या: अमोनियाची पिवळी, नायट्राइटची आकाशी.

अमोनिया शून्याजवळ आला की नवसागराचा निम्मा डोस पुन्हा द्या, नाहीतर जीवाणू उपाशी राहतील. दोन्ही नळ्या मूळ रंगावर आल्या की शेवटची परीक्षा घ्या. पूर्ण ५५ मिली घाला. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले, तर विरजण लागलं. याला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. पाणी नितळ दिसणं ही टँक तयार झाल्याची खूण नाही. खूण या दोन नळ्यांतच बघायची.

या काळात फिल्टर धुवू नका आणि दिवे बंद ठेवा, शेवाळ कमी येईल. शेवटी निम्मं पाणी बदला, म्हणजे साचलेलं नायट्रेट उतरेल. ते २० पीपीएमच्या आत हवं.

७. पहिले मासे. क्लाउनफिशची एक जोडी घ्या, पैदास केंद्रात जन्मलेली. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा ती टँकमध्ये रुळलेली असते, गोळीखाद्य खाते, आणि तिला समुद्रफुलाची गरज नसते. महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने ऐरोलीच्या केंद्रात या माशांची पैदास सुरू केली, तेव्हा हा मासा आता आपल्याकडेही शेतीच्या मालासारखा होऊ लागला आहे. दुकानात विचारा: पैदाशीचा की पकडलेला? आणि माझ्यासमोर खायला घालाल का? जो मासा दुकानात खात नाही तो घरीही खाणार नाही.

एक लहान आणि एक मोठा निवडा. क्लाउनफिश सगळे आधी नर असतात. जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो. आकारात फरक असला की कोण वरचढ हे आधीच ठरलेलं असतं आणि भांडण टळतं.

दुकानात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निळा असतो तो डॅमसेल. माझ्या पहिल्या तिघांत तो होता. तो काटक असतो, पण टँक आपला समजून नंतर आलेल्या प्रत्येकाला हाणतो, आणि खडक हलवल्याशिवाय पकडता येत नाही. ‘फाइंडिंग निमो’मधली डोरी, म्हणजे ब्लू टँग, फूटभर वाढते. अडीच फुटांच्या टँकमध्ये ती कोंडणं हा अन्याय आहे.

८. सोडण्याची पद्धत. पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या, तापमान जुळेल. मग मासा दुकानातल्या पाण्यासकट बादलीत घ्या. हवेच्या नळीला सैल गाठ मारून टँकमधून सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील असं पाणी सोडा. बरेच दुकानदार खारटपणा कमी ठेवतात, त्यामुळे बादलीतला आकडा टँकच्या आकड्याशी जुळेपर्यंत थांबा. पाऊण तास तरी लागतो. मग मासा प्लास्टिकच्या वाटीने अलगद उचला. बादलीतलं पाणी मोरीत जाईल, टँकमध्ये एक थेंबही नाही. त्या रात्री दिवे बंद आणि खाणं बंद.

९. तिसरा मासा. महिनाभर थांबा. नंतर एखादा गोबी किंवा फायरफिश, आणि बस. फायरफिश उडी मारतो, म्हणून टँकवर जाळी हवी. एवढ्या पाण्याला तीन-चार लहान मासे पुरे. पहिल्या जोडीला रिकामा टँक हाच विलगीकरण कक्ष होता, पण आता येणारा प्रत्येक मासा चार आठवडे वेगळ्या टबात राहील. चाळीस लिटरचा प्लास्टिकचा टब, लपायला पीव्हीसीचा एल्बो, आणि फिल्टरमध्ये इतके दिवस मुरलेला दुसरा स्पंज. स्पंज दोन घ्यायला सांगितले ते यासाठीच. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध टबातच द्या, मोठ्या टँकमध्ये कधीच नाही. खडक आणि वाळू तांबं शोषतात, आणि मग त्या टँकमध्ये गोगलगाय किंवा झिंगा ठेवणं कठीण होऊन बसतं.

रोजचं आणि आठवड्याचं

पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून पाणी घटलं की भर गोड्या आरओ पाण्याचीच घाला. काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत भरा. खाणं दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. पाहुण्यांच्या मुलांच्या हाती डबी देऊ नका.

दर आठवड्याला ९ लिटर पाणी बदला. त्याला सव्वातीनशे ग्रॅम मीठ लागतं. सुरुवातीचं भरणं, निम्मा बदल आणि वर्षभराचे आठवडे यांचा हिशेब केला तर बावीस किलोची बादली जेमतेम एक वर्ष जाते. हाच या छंदाचा चालू खर्च. स्पंज धुवायचा तर काढलेल्या खाऱ्या पाण्यात पिळा. नळाखाली धरलात तर क्लोरीन तुमचं विरजणच मारून टाकेल.

आपल्याकडे खरी परीक्षा मे महिन्यात. पाणी २४ ते २७ अंशांत हवं. ते तिशीपार गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशांना तो जास्त लागतो. थंड करणारा चिलर या खर्चात बसत नाही. पाण्यावर तिरका पंखा लावा, वाफ होताना दोन-तीन अंश उतरतात. अर्थात मग रोजची भरही दोन-तीन लिटरवर जाते. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने पंख्याचा परिणाम कमी होतो, तेव्हा दिवे कमी तास लावा. वीज गेली की बॅटरीचा एअर पंप लगेच सुरू करा. जीवाणूंनाही श्वास लागतो.

शेवटची पायरी

माझ्या लहानपणी समुद्राचे मासे बघायचे म्हणजे मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय, १९५१ साली उघडलेलं. काचेला नाक लावून उभं राहायचो. हे घरात असू शकतं असं तेव्हा वाटलंही नव्हतं.

आता रात्री दिवा मालवल्यावर आमची जोडी टँकच्या एकाच कोपऱ्यात, हीटरच्या कांडीजवळ, एकमेकांना लागून तरंगत झोपते. कधी अंग तिरकं, कधी जवळजवळ आडवं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गेले असंच वाटलं होतं.

मागच्या महिन्यात दोन मजले खालचा मुलगा आला. टँक भरून चार दिवस झाले होते आणि त्याला मासे कुठे मिळतील ते विचारायचं होतं. मी त्याला मासेवाल्याचा पत्ता दिला नाही. फिल्टरमधला दुसरा स्पंज काढला, अर्धा कापला, स्टीलच्या डब्यात टँकचंच पाणी घालून त्यात बुडवला आणि झाकण लावून त्याच्या हातात दिला. आई शेजारणीला वाटीतून विरजण द्यायची, तसा. म्हटलं, हा लाव, आणि दर दोन दिवसांनी नळीचा रंग मला दाखवायला ये.

परवा आला होता. जांभळी आहे अजून.